काकांना ‘बोहेमियन’ म्हणावे का?

सातारा जिल्ह्यात वाढलेल्या आणि आता पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे चित्रकार काका गेल्या वर्षी वयाच्या ७८व्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाच्या सुमारास त्यांच्या निवडक चित्रांचे छोटे प्रदर्शन भरवायचे आणि सोबत ६४ पानांची स्मरणिका काढायची, असे घरच्यांनी ठरवले आहे. स्मरणिकेतील मुख्य लेख या पुतणीने लिहिला असून त्याला ‘एका बोहेमियनाची गोष्ट’ असे शीर्षक दिले आहे; रूढ चौकटीबाहेर, मनमौजीपणे जगणारा कलावंत, हा अर्थ त्यांच्या मनात आहे. काकांनी १९७७ मध्ये शाळेतील चित्रकला शिक्षकाची नोकरी सोडली, दोन वर्षे गिरगावातील एका खोलीत तीन मित्रांबरोबर राहून सिनेमाचे फलक रंगवले, मग गावी परतून पाट्या रंगवण्याचे दुकान काढले, ते २६ वर्षे चालवले आणि उरलेल्या वेळात कृष्णेच्या घाटांची तैलचित्रे काढली, असा त्या लेखाचा आशय आहे. प्रुफे घरी आल्यावर काकूंनी शीर्षकावर बोट ठेवून ‘हा शब्द काढ’ एवढेच म्हटले. पुतणीने समजावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ‘त्या दोन वर्षांत माझ्या पाटल्या कुठे गेल्या, ते तुझ्या लेखात नाही,’ असे म्हणून त्या आत निघून गेल्या. जर्मनीत राहणाऱ्या चुलतभावाने फोनवर निराळाच आक्षेप घेतला: हा शब्द मुळात रोमा लोकांना, म्हणजे युरोपात ‘जिप्सी’ म्हटल्या गेलेल्या समाजाला, उद्देशून वापरला जात असे, तेव्हा तो सन्मानाचा नाही. छापखाना थांबला आहे. वाचक विचारतात की शब्द खरोखर चुकीचा आहे का, सातवीपर्यंत शिकलेल्या काकूंना त्याचा चांगला अर्थ कसा समजावून सांगावा, आणि तो काढायचाच झाला तर त्याच्या जागी कोणता मराठी शब्द घालावा.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधला प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. काकूंना शब्दाचा अर्थ माहीत नाही, असे तुम्ही धरून चालला आहात. पण तुमच्याच पत्राच्या शेवटच्या पानावर एक ओझरता उल्लेख आहे. १९७८ च्या गणपतीत काकांचे मुंबईचे एक मित्र घरी आले होते आणि निघताना ओसरीवर चपला घालता घालता ते काकूंना म्हणाले होते, ‘वहिनी, हा बोहेमियन माणूस आहे, ह्याच्याकडून संसाराची अपेक्षा ठेवू नका.’ काकू ही आठवण अजून सांगतात, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे हा शब्द त्यांना तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. घरात दोन लहान मुले, चालू शिवणयंत्र आणि वाण्याची थकलेली उधारी असताना तो त्यांना तोंडावर ऐकावा लागला होता. त्या वाक्यात ‘बोहेमियन’चा अर्थ मुक्त वृत्तीचा कलावंत असा नव्हता, ह्या माणसाला जबाबदारी विचारायची नाही, असा होता. तोच शब्द इतक्या वर्षांनी, नवरा गेल्यावर, पुतणीच्या हातून ठळक अक्षरांत छापला जाणार असल्याचे त्यांनी पाहिले. त्यामुळे काकूंना अर्थ समजावून सांगण्याचा विचार कृपया सोडून द्या. त्यांना काय समजले आहे ते तुम्ही ऐकून घ्यायचे आहे, आणि ते कसे करता येईल याबद्दल मी शेवटी लिहिते.

आता शब्दाकडे वळू. तो चुकीचा आहे की बरोबर, याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण ‘बोहेमियन’ या एका ध्वनीखाली तीन वेगवेगळ्या लोकांची नावे दडली आहेत, आणि त्यांपैकी पहिल्या दोघांनी हे नाव स्वतःहून घेतलेले नाही.

पहिला अर्थ प्रदेशाचा आहे. बोहेमिया हा आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडचा मोठा भाग, आणि प्राग हे त्याचे मुख्य शहर. प्राचीन काळी तिथे बोयी नावाची केल्टिक टोळी राहत असे. तिच्यावरून ‘बोयींचे घर’ अशा अर्थाचे जर्मानिक नाव त्या भूमीला पडले आणि रोमन लेखकांनी ते नोंदवून ठेवले. ज्या शब्दातून आज आपण घरदार न मानणारा माणूस सुचवतो, त्याच्या पोटात ‘घर’ हाच शब्द आहे, हे मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे. तिथले लोक मात्र स्वतःच्या प्रदेशाला ‘चेखी’ म्हणतात. मनमौजी कलावंतासाठी त्यांच्या भाषेत ‘बोहेम’ असा निराळा शब्द आहे, त्यामुळे त्यांचा घोटाळा होत नाही. फ्रेंचमध्ये प्रदेशाचे नाव आणि कलावंतांचे जग या दोहोंच्या लेखनात स्वरावरील चिन्हाचा फरक असतो, आणि इंग्रजीत कलावंत म्हणायचे असेल तेव्हा पुष्कळदा पहिले अक्षर लहान लिहितात.

देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही. मराठीत ‘बोहेमियन’ असे लिहिले की तो प्रागचा रहिवासी आहे की नोकरी सोडलेला कवी, हे केवळ संदर्भावरूनच ठरते, आणि संदर्भ अपुरा पडला तर अर्थाचा अनर्थ होतो. माझ्याकडे तपासण्यासाठी आलेल्या एका अनुवादात १६१८ मधील प्रागच्या प्रसंगाचे वर्णन होते. तेथील प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन प्रतिनिधींना आणि त्यांच्या चिटणिसाला राजवाड्याच्या खिडकीतून खाली फेकले आणि त्यातून पुढे युरोपातील तीस वर्षांचे युद्ध भडकले. अनुवादकाने ‘बोहेमियन सरदारांचे बंड’ याचे ‘स्वच्छंदी सरदारांचे बंड’ असे भाषांतर केले होते. अनुवादक हुशार होता, त्याला शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता इतकेच. म्हणून जे वाचक लिहितात किंवा अनुवाद करतात त्यांना माझी सूचना आहे की प्रदेश अभिप्रेत असेल तेव्हा ‘बोहेमियाचा’, ‘बोहेमियातील’ असे स्पष्ट लिहावे. एकोणिसाव्या शतकात उत्तर बोहेमियातील याब्लोनेत्सच्या परिसरातून काचेचे मणी आणि बांगड्या भारतात विक्रीला येत असत. त्यांना ‘बोहेमियन बांगड्या’ म्हटले तर आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर कुठल्या तरी फॅशनच्या दुकानातले कडे येईल. ‘बोहेमियातील काचेच्या बांगड्या’ म्हटले की मामला मिटतो.

दुसरा अर्थ तुमच्या चुलतभावाने सांगितला, आणि त्याचे म्हणणे खरे आहे. पंधराव्या शतकात रोमा लोकांचे तांडे पश्चिम युरोपात पोहोचले, १४२७ मध्ये ते पॅरिसच्या वेशीपर्यंत आले. त्यांच्यापैकी काही तांड्यांजवळ सिगिसमुंड राजाची संरक्षणपत्रे होती, आणि सिगिसमुंड हा बोहेमियाचाही राजा होता. हे लोक बोहेमियातूनच आले असावेत, अशा समजुतीने फ्रेंच लोक त्यांना ‘बोहेमियन’ म्हणू लागले. इंग्रजांनी त्यांना इजिप्तचे समजून ‘जिप्सी’ म्हटले. दोन्ही नावे चुकीच्या पत्त्यावर बेतलेली होती. रोमांचे पूर्वज आपल्याच उपखंडाच्या उत्तर भागातून गेले, आणि याची साक्ष त्यांची भाषा देते. रोमानी भाषेत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाख’, कानाला ‘कान’, माणसाला ‘मनुष’ आणि विसाला ‘बिश’ म्हणतात, हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ ते पान मला उलटवले नव्हते. ते स्वतःला काय म्हणतात? ‘रोम’, म्हणजे त्यांच्या भाषेत माणूस. १९७१ मध्ये लंडनजवळ त्यांच्या प्रतिनिधींची पहिली जागतिक परिषद भरली, तिने दुसऱ्यांनी दिलेली नावे बाजूला सारून हेच नाव पुढे ठेवले.

तुमच्या भावाला हा शब्द का टोचतो, तेही समजून घ्या. ज्या बोहेमियावरून रोमांना हे नाव मिळाले, त्याच बोहेमियाच्या दक्षिण भागात लेटी नावाच्या गावाजवळ १९४२-४३ मध्ये त्यांच्यासाठी छळछावणी होती. तिथे मुलांसह शेकडो माणसे मेली आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांना आउश्वित्झ या नाझी मृत्युछावणीत पाठवले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर काही दशकांनी त्या जागी डुकरे पाळण्याचे मोठे केंद्र उभे राहिले. ते हटवून तिथे स्मारक खुले व्हायला २०२४ साल उजाडले. युरोपात राहणाऱ्या माणसाच्या कानाला या शब्दाचा हा पदर ऐकू येत असेल, तर त्याला अतिसंवेदनशील म्हणून झटकून टाकू नये. मात्र मराठीत ‘बोहेमियन’ म्हटल्यावर रोमा कोणाच्या मनातही येत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. म्हणून केवळ या कारणासाठी शब्द वर्ज्य ठरवावा, असे मी म्हणणार नाही. प्रत्यक्ष रोमा लोकांबद्दल लिहिताना मात्र तो कधीही वापरू नये, आणि तिथे ‘रोमा’ हेच नाव लिहावे.

तिसरा अर्थ कलावंतांचा, तुमच्या मनातला. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये खिशात पैसा नसलेले, माळ्यावरच्या खोल्यांत राहणारे, भाडे थकवणारे तरुण लेखक आणि चित्रकार वाढले, तेव्हा त्या भटक्या भासणाऱ्या जगण्याला ‘बोएम’ हे नाव मिळाले. ते घरोघरी पोहोचवले आंरी म्युर्झे या लेखकाने. त्याने या जीवनाची शब्दचित्रे १८४५ पासून एका नियतकालिकात क्रमाने लिहिली, १८४९ मध्ये त्यांवर नाटक आले आणि १८५१ मध्ये पुस्तक निघाले. म्युर्झे स्वतः एका शिंप्याचा मुलगा होता, गरिबीतून गेला होता, आणि अवघ्या ३८व्या वर्षी वारला. या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने जे म्हटले आहे ते हा शब्द कौतुकाने वापरणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. त्याचा आशय असा की ही अवस्था म्हणजे कलावंताच्या आयुष्यातील उमेदवारीचा काळ असून तिथून पुढे वाट एकतर अकादमीकडे जाते, नाहीतर इस्पितळाकडे, नाहीतर शवागाराकडे. ती कायमची राहण्याची जागा आहे, असे तो म्हणत नाही. पैसे मिळू लागताच तो स्वतःही तिथून बाहेर पडला.

पुढे इटालियन संगीतकार पुच्चिनीने या कथेवर ऑपेरा (संगीतनाटक) रचला आणि १ फेब्रुवारी १८९६ रोजी तूरिन येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. तुमच्यासाठी त्यातील दोन जागा मला महत्त्वाच्या वाटतात. आरंभी थंडीने गारठलेला कवी शेगडीत आपल्या नाटकाचे हस्तलिखित जाळतो. ते दृश्य सर्वांच्या लक्षात राहते, आणि ‘बोहेमियन’ म्हटले की लोकांना तेच आठवते. शेवटच्या अंकात कापडावर भरतकाम करून पोट भरणारी मिमी क्षयाने मरणासन्न होऊन येते, तेव्हा औषधासाठी पैसे कुणाजवळ नसतात, आणि तिची मैत्रीण म्युझेत्ता आपल्या कानातली कर्णफुले काढून विकायला देते. एक मित्र आपला जुना कोट विकतो. जाळलेल्या हस्तलिखिताबद्दल पुष्कळ बोलले गेले, कर्णफुलांबद्दल फारसे बोलले जात नाही.

काकूंच्या पाटल्यांबद्दल वाचताना मला ती कर्णफुले आठवली. तुमच्या लेखात गिरगावातील खोलीचे वर्णन चार परिच्छेदांत आहे: भिंतीवरचे कोळशाचे रेखाटन, एकाच ताटात जेवणारे चौघे, पावसाळ्यात ओल्या फलकांखाली झोपणे. ते तुम्ही उत्तम लिहिले आहे. पण त्याच दोन वर्षांत गावच्या घरात काय चालले होते, त्याला एकही ओळ नाही. काकूंचा राग शब्दावर दिसत असला तरी तो या कोऱ्या जागेवर आहे, असे मला वाटते. शब्द बदलून तुम्ही तेवढ्यावर थांबलात, तर शीर्षक निर्दोष होईल आणि त्यांचे दुःख जिथल्या तिथे राहील.

दुसरे गृहीतक काकांबद्दल आहे. तुमचे काका बोहेमियन होते का? तुम्ही दिलेल्या माहितीवरून हिशोब केला तर ७८ वर्षांच्या आयुष्यातली दोन वर्षे होते. शब्दाच्या मूळ अर्थाने, म्युर्झेच्या अर्थाने, ती दोन वर्षे अगदी खरी बोहेमियन होती, आणि तिथे हा शब्द चपखल बसतो. उरलेल्या काळात त्यांनी शाळेत मुलांना चित्रकला शिकवली आणि २६ वर्षे सकाळी नऊला दुकान उघडले. तुम्हीच एका परिच्छेदात लिहिले आहे की रोज संध्याकाळी मागच्या पडवीत बसून ते सगळे ब्रश आधी रॉकेलमध्ये आणि मग साबणाच्या पाण्यात धूत, जुन्या धोतराच्या फडक्याने एकेक केस सरळ करत, वर्तमानपत्रावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडून ठेवत आणि वाळल्यावर केस वर करून पत्र्याच्या डब्यात उभे करत. लहानपणी तुम्ही त्या ओळीतला एक ब्रश हलवलात, तर सकाळी त्यांना ते कळायचे. हा परिच्छेद ज्या माणसाचा आहे त्याला मी बेफिकीर म्हणू शकत नाही. लेखातील सर्वांत जिवंत जागा तीच आहे, आणि शीर्षक तिच्याशी भांडते.

मुळात कलावंत म्हणजे अव्यवस्थित आणि व्यवस्थित म्हणजे कलाहीन, ही वाटणी आपल्याकडे फार रुळली आहे, आणि ती चुकीची आहे. तुम्ही लेखात साठच्या दशकातील मुंबईच्या लघुनियतकालिकवाल्या कवींचा दाखला दिला आहे. त्यांतले अरुण कोलटकर यांचेच पाहा. काळा घोडा परिसरातील ‘वेसाइड इन’मध्ये मित्रांबरोबर तासन्‌तास बसणारा कवी म्हणून त्यांची ओळख आहे, आणि ‘बोहेमियन’ हे विशेषण त्यांच्या पिढीला सर्रास लावले जाते. पण कोलटकर जाहिरात क्षेत्रात वर्षानुवर्षे काम करणारे नामांकित दृश्यरचनाकार होते, त्या व्यवसायातील मानाचे पुरस्कार त्यांना मिळाले होते, आणि कवितेच्या एकेका ओळीवर ते दीर्घकाळ काम करत. बाहेरून पाहणाऱ्याला हॉटेलातले टेबल दिसते, कामाचे टेबल दिसत नाही.

हा शब्द ज्यांनी ज्यांना दिला, त्यांनी बहुतेक वेळा बाहेरूनच पाहिले होते. चेक लोक स्वतःला तो म्हणवत नाहीत, रोमा म्हणवत नाहीत, पॅरिसच्या कलावंतांनी तो हौसेने अंगावर घेतला पण काही काळापुरता. १८९१ मध्ये आलेल्या शेरलॉक होम्सच्या ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ या कथेत बोहेमियाचा राजा मदत मागायला येतो, आणि त्याच कथेच्या आरंभी डॉक्टर वॉटसन समाजात मिसळणे नकोसे वाटणाऱ्या होम्सच्या बोहेमियन वृत्तीचा उल्लेख करतो. तिथेही हे विशेषण लावतो तो नुकताच लग्न करून संसाराला लागलेला वॉटसन, होम्स स्वतःबद्दल तसे म्हणत नाही. तुमच्या पिढीला हा शब्द माहीत झाला तो ‘क्वीन’ या इंग्लिश रॉक बँडच्या १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याने, आणि ते लिहिणारा फ्रेडी मर्क्युरी तुमच्याच जिल्ह्यात पाचगणीच्या शाळेत शिकला होता. त्या गाण्यामुळे शब्दाला जी झळाळी आली, तिच्या प्रकाशात तुम्ही काकांना पाहिलेत. त्यात तुमचे प्रेमच आहे, याची मला खात्री आहे, पण ते पाहणेही बाहेरूनच झाले.

म्हणून पर्यायी मराठी शब्द शोधण्याआधी थोडे थांबा. तुम्ही सुचवलेली यादी मी नीट पाहिली. ‘कलंदर’ हा सर्वांत जवळचा वाटतो, पण त्याचीही वाट अशीच आहे: मुळात तो फिरत्या सूफी फकिरांचा एक पंथ, पुढे उत्तर हिंदुस्थानात अस्वल-माकडांचे खेळ करणाऱ्या भटक्या जमातीचे नाव, आणि मराठीत एका स्वभावाचे विशेषण. आपल्याकडे अस्वलवाल्याला ‘दरवेशी’ म्हणतात, तोही शब्द फकिरांकडूनच आला. ‘कलंदर’मध्ये माया आहे, पण संसाराची जबाबदारी टाळल्याचा वास त्यालाही येतो, आणि काकूंच्या कानाला तो पहिल्या शब्दाचा भाऊच वाटेल. ‘अवलिया’ मुळात संतांसाठी आहे आणि श्रद्धांजलीच्या लेखांत तो इतका वापरला गेला आहे की त्यातून कोणताच विशिष्ट माणूस आता दिसत नाही. ‘स्वच्छंदी’ मराठीत दूषणाकडे झुकला आहे. ‘छांदिष्ट’ माणसाला थोडा लहान करतो. ‘सडाफटिंग’ तर त्यांना लागूच नाही, त्यांना बायको आणि दोन मुले होती. ‘भटका’ आणि ‘विमुक्त’ हे शब्द कलावंतासाठी हौसेने वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. १८७१ च्या कायद्याने जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना १९५२ मध्ये त्यातून सोडवले गेले, आणि ‘विमुक्त’ हे त्या सुटकेचे नाव आहे. उरला ‘मनस्वी’. आपल्या मनाला जे पटले तेच करणारा, त्याची किंमत जाणणारा, असा त्याचा सूर आहे आणि त्यात उपेक्षा नाही. लेखाच्या मजकुरात एखाद्या ठिकाणी तो शोभेल.

पण शीर्षकासाठी मी यांपैकी एकही सुचवत नाही. तुम्ही लिहिले आहे की गावातल्या आणि आसपासच्या प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, काका बारीक अक्षरांत ‘पेंटर’ आणि त्यापुढे आपले नाव लिहीत. दूध डेअरीच्या पाटीवर ते अजून वाचता येते. शाळेतली नोकरी सोडलेल्या, मुंबई पाहिलेल्या, तैलचित्रे काढणाऱ्या या माणसाने २६ वर्षे स्वतःला जे म्हणवले, ते हेच नाव होते. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर त्यांचे नाव त्याच पद्धतीने आणि, शक्य असल्यास, त्या पाटीचे जवळून छायाचित्र घेऊन त्यांच्याच हस्ताक्षरात का छापू नये? ‘पेंटर’ हा शब्द चित्रकारापेक्षा कमी दर्जाचा आहे, अशी शंका नातेवाइकांपैकी कुणी काढलीच, तर त्यांना ब्रशांचा परिच्छेद वाचायला द्या.

‘बोहेमियन’ हा शब्द पूर्ण पुसून टाकण्याचीही गरज नाही. गिरगावच्या परिच्छेदात तो राहू द्या, पण तुमच्या तोंडी नको. तो ज्या मित्रांनी उच्चारला त्यांच्या तोंडी, ज्या प्रसंगी उच्चारला त्या प्रसंगासह ठेवा, आणि तो ऐकणाऱ्या बाईला काय वाटले ते तिच्या शब्दांत त्याखाली येऊ द्या. तिथे तो शब्द काकांचे वर्णन करणार नाही, त्या काळातल्या त्यांच्या मित्रमंडळींचे वर्णन करील, आणि ते खरे असेल. शेजारी एक छोटी ओळ टाकून शब्दाचा पॅरिसचा अर्थ सांगितलात, तर गावातील वाचकांनाही तो परका राहणार नाही. चुलतभावाला ही रचना आधीच कळवा. आपल्या वडिलांच्या नावाला शीर्षकात हा शब्द चिकटलेला नाही, हे पाहून त्याचाही आक्षेप बहुधा राहणार नाही.

असे प्रश्न इतर वाचकांकडूनही येत असतात, म्हणून दोन गोष्टी इथेच सांगते. लग्नाच्या बायोडाटात किंवा ओळख करून देताना ‘मी बोहेमियन स्वभावाची आहे’ असे लिहिण्याचा प्रघात दिसतो. समोरच्याला त्यातून भटकंतीची आवड, नोकरीचा कंटाळा, लग्नसंस्थेवर अविश्वास, यांपैकी काहीही वाटू शकते. जे म्हणायचे आहे ते सरळ लिहावे: वर्षातून दोन महिने प्रवास करते, ठरावीक वेळेची नोकरी करणार नाही, जे असेल ते. आणि कपडे-दागिन्यांच्या व्यवसायात जी वस्तू ‘बोहो’ (‘बोहेमियन’चे छोटे रूप) म्हणून विकली जाते, तिच्यावरील आरसेकाम आणि भरतकाम पुष्कळदा लमाण-बंजारा बायकांच्या परंपरेतील असते. विक्रेत्यांनी चिठ्ठीवर त्या कलेचे खरे नाव लिहावे. पॅरिसमार्गे फिरून आलेल्या नावाची तिला गरज नाही.

आता काकूंकडे जाण्याविषयी. छापखान्याकडून आठ दिवस मागून घ्या, वर्षश्राद्धाच्या तारखेपेक्षा स्मरणिका थोडी मागे पडली तरी चालेल, प्रदर्शनाच्या दिवशी हाती आली म्हणजे झाले. जाताना नवे शीर्षक घेऊन जाऊ नका, नाहीतर तुम्ही पुन्हा मंजुरी मागायला आल्यासारखे होईल. तुमच्या कामाचा गाभा हा प्रश्न असू द्या: ‘ती दोन वर्षे इथे कशी गेली?’ त्यांनी सांगायला सुरुवात केली की मध्ये बोलू नका, काकांची बाजू मांडू नका, आणि त्यांच्या परवानगीशिवाय फोनवर ध्वनिमुद्रण करू नका. त्यांचे जे बोलणे असेल ते त्यांच्याच भाषेत, शुद्धलेखनाच्या नावाखाली न सारवता, दोन पाने तरी छापा, आणि लेखिका म्हणून त्यांचे पूर्ण नाव घाला. सध्याच्या प्रुफात ते फक्त मागच्या पानावर ‘पत्नी’ या शब्दापुढे आले आहे, असे तुमच्या पत्रावरून दिसते. त्या कदाचित पहिल्या दिवशी काहीच बोलणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसा.

पाटल्यांचा उल्लेख छापायचा की नाही, हे सर्वस्वी त्यांच्यावर सोपवा. त्या कुठे गेल्या हे तुम्हाला सांगून त्या ‘पण हे लिहू नकोस’ म्हणाल्या, तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. आणि सुधारलेली प्रुफे तयार झाली की ती छापखान्यात देण्याआधी मोठ्या टाइपात काढून त्यांच्याकडे न्या, दुपारी, शिवणयंत्राशेजारी चांगला उजेड असतो त्या वेळी, आणि त्यांच्या डोळ्यांना त्रास होत असेल तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवा.